पाणी नको, रंग नको, मग सण उरला कुठे?

तिवंधेकर: काल इथे एकांनी लिहिलं, रंगपंचमीला थेंबभरही पाणी वापरू नका, टिळा लावा आणि घरी जा, बाकी सगळा रानटीपणा. वाचून राहवलं नाही. आमच्या नाशकात पंचमीला रहाडी उघडतात. पेशवेकाळातले दगडी हौद, एरवी मातीखाली बुजवलेले. फुलांचा रंग उकळून त्यात ओततात, पूजा होते आणि मग धप्पे, म्हणजे हौदात धपाधप उड्या, सुरू. एकाच हौदात अख्खा पेठेचा परिसर रंगतो. हा रानटीपणा? बारा महिने गाड्या पाइपाने धुणाऱ्यांनी आम्हाला पाणी शिकवू नये.

लातूरची_लेक: 2016 ला धुळवड 24 मार्चला होती. त्याच महिन्यात आमच्याकडे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. आई रात्री दोनला उठून घागरी लावायची. तुमची रहाड पेशव्यांची असो नाहीतर कुणाची, अशा वर्षी बंदच हवी.

तिवंधेकर: अशा वर्षी, मान्य. दरवर्षी नाही.

नेत्रविभाग: पाण्यापेक्षा फुग्यांचं बोला. मी डोळ्यांच्या ओपीडीत काम करते. लोकलच्या खिडकीत बसलेल्या मुलीला रुळांकडेच्या वस्तीतून फुगा लागला. बुबुळापुढे रक्त साचलं होतं. ती रंग खेळायला निघालीच नव्हती, क्लासला चालली होती! आणि रंग डोळ्यात गेला तर चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग तडक दवाखाना. चुना गेला असेल तर एक मिनिटही घालवू नका.

चळवळीतला: आणि आगीत जाणाऱ्या पुरणपोळ्या? अंनिस, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समिती, कधीपासून सांगतेय, होळी लहान करा, पोळी दान करा. लाकूडही वाचतं, अन्नही.

शिमगेवाला: आलात का! सगळे उपदेश आमच्याच सणाला. अग्नीला नैवेद्य दाखवायचा नाही तर काय फ्रीजला? आमच्या गावी होमात नारळ टाकतात, भाजलेला काठीने ओढून काढतात, तोच प्रसाद. वाया काय जातं?

चळवळीतला: नारळ खाता, पोळीची राख होते. गेल्या वर्षी चौकात टोपली ठेवली, जमलेल्या पोळ्या वीटभट्टीवर नेल्या. एका पोरीने एक खाल्ली, दुसरी ओढणीत गुंडाळली. आई कामावर होती म्हणून.

शिमगेवाला: मग तिच्यासाठी वेगळ्या चार लाटा की! देवाच्या पानातलीच कशाला उचलता? माझी आई उपाशीपोटी पुरण वाटते, पहिली पोळी होळीची. तिला अंधश्रद्ध म्हणू नका, सांगून ठेवतो.

चळवळीतला: आईंना कोण काय म्हणालं? वेगळ्या चार लाटतं कोण, ते दाखवा.

लातूरची_लेक: आमच्याकडे एक नैवेद्याची आगीत, बाकी टोपलीत. कुणाचा धर्म बुडाला नाही.

शिमगेवाला: एक आगीत जाणार असेल तर ठेवा तुमची टोपली. पण झाड तोडण्यावरून आता सुरू करू नका, आमचा माड मानाचा असतो.

चळवळीतला: ते तर करणारच. एक माड तोडलात तर पाच लावा.

शिमगेवाला: लावतो आम्ही. तुम्ही मोजायला या.

नेत्रविभाग: पोळीवर इतकं लिहिलंत, फुग्यांवर एकाचंही उत्तर नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीवर आत्ताच बादलीभर फुगे भरून ठेवलेत. मी ते फोडायला चाललेय. ज्यांची मुलं आहेत त्यांनी भांडायला वर यावं.