एएमएल पॅनेल: फ्रॅगमेंट अ‍ॅनालिसिसमध्ये एफएलटी३-आयटीडी आहे, व्हीसीएफमध्ये नाही. चूक कुठे शोधायची? (मंचावरची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

बेसजोडी

नमुना नव्याने निदान झालेल्या एएमएलच्या (तीव्र मायलॉइड रक्तकर्करोग) अस्थिमज्जेचा आहे, ब्लास्ट (अपक्व कर्करोगी पेशी) ६२ टक्के. कॅप्चर पद्धतीचे पॅनेल (ठरावीक जनुकांचे सिक्वेन्सिंग), १५० बेसची जोडरीड (तुकड्याचे दोन्ही टोकांकडून वाचन), एफएलटी३ जनुकाच्या एक्सॉन १४-१५वर सरासरी खोली (एका जागेवरून जाणाऱ्या रीडची संख्या) ९००. पाइपलाइन नेहमीचीच: बीडब्ल्यूए-मेम (रीड संदर्भावर जुळवणारा अलाइनर), डुप्लिकेटवर खुणा, म्युटेक्ट२ (बदल शोधणारा प्रोग्रॅम), मग फिल्टर. संदर्भ जीनोम जीआरसीएच३८.

फ्रॅगमेंट अ‍ॅनालिसिसमध्ये (पीसीआरच्या तुकड्यांची लांबी मोजणारी चाचणी) ३३० बेसच्या मूळ शिखराशिवाय ३७८ला स्वच्छ दुसरे शिखर आहे. क्षेत्रफळे १८,००० आणि ७,२००, म्हणजे गुणोत्तर ०.४०. व्हीसीएफमध्ये (सिक्वेन्सिंगमध्ये सापडलेल्या बदलांची फाइल) मात्र काही नाही. फिल्टरपूर्वीच्या फाइलमध्ये एक्सॉन १४च्या आसपास तीन-चार सुटे एकल बदल आहेत, ते पुढे 'क्लस्टर्ड इव्हेंट्स' म्हणून गळतात. पडताळणीच्या वेळी एमव्ही४-११ आणि मोल्म-१३ या दोन्ही पेशीवंशांतले आयटीडी (जनुकाचा एक तुकडा लागोपाठ दोनदा येणे) याच पाइपलाइनने बिनचूक पकडले होते.

१) ४८ बेसचे आयटीडी का सुटले?
२) अहवालात ०.४० लिहायचे की सिक्वेन्सिंगमधून निघेल तो व्हीएएफ (उत्परिवर्तित प्रतींचा वाटा)?
३) क्विझार्टिनिब या एफएलटी३रोधक औषधाचा विचार चालू आहे आणि यंत्राने छापलेला क्यूटीसी (ईसीजीतला, नाडीनुसार सुधारलेला क्यूटी काळ) ४७४ मिलिसेकंद आहे (क्यूटी ३५०, नाडी ११०). औषधाच्या टिपेत याबद्दल काय लिहावे?

रीडखोली

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पडताळणीतच आहे. मोल्म-१३चे आयटीडी २१ बेसचे, एमव्ही४-११चे ३० बेसचे. तुमचे ४८चे. या तिघांच्या मधून एक सीमारेषा जाते, आणि ती बीडब्ल्यूए-मेमच्या गुणपद्धतीतून येते.

जुळलेल्या प्रत्येक बेसला १ गुण. गॅप उघडायला ६ आणि गॅपच्या प्रत्येक बेसला १ वजा. टोक कापायला ५ वजा. आता आयटीडीवरून जाणारी एक रीड घ्या: डावीकडचा मूळ भाग ३० बेस, मग ४८चा तुकडा, पुन्हा तोच ४८चा तुकडा, मग उजवीकडचे २४. एकूण १५०. गॅप टाकून पूर्ण रीड बसवली तर १०२ बेस जुळतात, गॅपचे ५४ वजा होतात, उरतात ४८. त्याऐवजी डावीकडचे ७८ बेस सलग जुळवून बाकीचे ७२ कापले तर ५ वजा करूनही ७३ राहतात. अलाइनर साहजिकच दुसरा मार्ग घेतो. कापलेले ७२ बेस सप्लिमेंटरी अलाइनमेंट म्हणून वेगळ्या ओळीत जातात. मधली जोड म्हणजेच आयटीडीचा पुरावा, आणि तो कुठल्याच सीआयजीएआरमध्ये (रीड कशी जुळली याची नोंद) इन्सर्शन म्हणून दिसत नाही.

हेच गणित सर्वसाधारण मांडले तर १५० बेसच्या रीडमध्ये, जोड अगदी मधोमध असताना, साधारण ३५ बेसपुढे सॉफ्ट क्लिप (टोक कापणे) जिंकतो. २१ आणि ३० या रेषेच्या आत आहेत. म्हणजे ज्या दोन पेशीवंशांवर जवळजवळ सगळ्या प्रयोगशाळा पडताळणी करतात, ते अवघड बाजूची परीक्षा घेतच नाहीत. ही गोष्ट मला गंभीर वाटते, कारण आयटीडी तीन बेसपासून काहीशे बेसपर्यंत कुठल्याही लांबीचे असू शकते.

म्युटेक्ट२ सॉफ्ट क्लिपमधले बेस वापरतो आणि त्या भागाची नव्याने जुळणी करतो, हे खरे. पण त्याचा आलेख आधी १० आणि २५च्या के-मरवर (ठरावीक लांबीच्या सलग तुकड्यांवर) बांधला जातो. एकच तुकडा लागोपाठ दोनदा आला आणि तो के-मरपेक्षा लांब असला की आलेखात चक्र तयार होते. मग तो के-मर वाढवून पुन्हा प्रयत्न करतो. ४८साठी के-मर ४८च्या वर जायला हवा. तेवढा लांब के-मर जोडीवरून अखंड नेणाऱ्या रीड कमी उरतात, आणि तेवढ्यात ती फांदी छाटली जाते. तुम्हाला दिसलेले सुटे एकल बदल म्हणजे जोडीपलीकडचे काही बेस, संदर्भावर जबरदस्तीने बसवलेले. ते गळाले ते योग्यच झाले, पण आयटीडीची सावली म्हणून ते उपयोगी आहेत.

आता करायचे काय:

आयजीव्हीमध्ये (रीड पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम) गुणसूत्र १३, २,८०,३३,८०० ते २,८०,३४,४०० हा भाग उघडा. सॉफ्ट क्लिप केलेले बेस दाखवण्याचा पर्याय मुळात बंद असतो, तो चालू करा. एकाच जागी डझनावारी रीड कापलेल्या आणि कापलेल्या भागांचा क्रम सारखा दिसला, तर आयटीडी डोळ्यांनीच सापडले. (जुन्या जीआरसीएच३७वर हेच आकडे ५,७४,१३७ने मोठे असतात. बेड फाइल (तपासायच्या जागांची यादी) एका आवृत्तीची आणि बॅम (जुळवलेल्या रीडची फाइल) दुसरीची, असा गोंधळ झाला तर शोध भलत्याच जागी होतो. हे आधी तपासा.)

मग त्याच बॅमवर पिंडेल हे इन्सर्शन आणि डुप्लिकेशन शोधणारे साधन चालवा. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये तीन रकाने लागतात: बॅमचा मार्ग, तुकड्याची सरासरी लांबी, नमुन्याचे नाव. मधला आकडा अंदाजाने टाकू नका, मोजून टाका. निकाल पाहताना टँडम डुप्लिकेशनची आणि लहान इन्सर्शनची अशा दोन्ही फाइली पाहा. दोन प्रतींच्या मध्ये काही उपरे बेस शिरलेले असले की आयटीडी इन्सर्शनच्या फाइलमध्ये जाऊन बसते, आणि फक्त पहिली फाइल वाचणाऱ्याला ते दिसत नाही. दुसरे साधन म्हणून फिल्ट३आर घ्या. ते के-मरवर चालते, अलाइनमेंटवर अवलंबूनच नाही, त्यामुळे दोघांची चूक एकाच कारणाने होत नाही. अ‍ॅम्प्लिकॉन (पीसीआरने वाढवलेल्या तुकड्यांचे) पॅनेल असेल तर गेटआयटीडी हे साधन.

उत्तर आले की लांबीला तीनने भाग द्या. उपरे बेस धरून भाग गेलाच पाहिजे, कारण चौकट मोडली तर प्रथिन बनणार नाही आणि पेशीला त्याचा फायदाही होणार नाही. ४७ किंवा ४९ आले तर टोके चुकली आहेत.

पडताळणी मात्र पुन्हा करावी लागेल. संदर्भात ६, २१, ४८, ९९, १५० आणि २०१ बेसची डुप्लिकेशन घालून कृत्रिम रीड बनवा, त्या साध्या नमुन्याच्या रीडमध्ये ५, १० आणि ३० टक्के मिसळा, आणि कोणती लांबी कुठल्या टक्क्याला सुटते याचा तक्ता पडताळणीच्या नोंदीत ठेवा.

केशिकानळी

दुसरा प्रश्न. आधी दोन आकडे एकाच भाषेत आणा. ०.४० हे उत्परिवर्तित भागिले मूळ. व्हीएएफ म्हणजे उत्परिवर्तित भागिले एकूण: ०.४० भागिले १.४०, म्हणजे २८.६ टक्के. ब्लास्ट ६२ टक्के असताना आणि एकाच प्रतीवर आयटीडी असताना हा आकडा सुसंगत आहे.

सिक्वेन्सिंगमधून व्हीएएफ काढताना नेहमी होणारी चूक: डुप्लिकेट झालेल्या भागाच्या आतली खोली छेदात घेतली जाते. तो तुकडा उत्परिवर्तित प्रतीत दोनदा आहे, म्हणून तिथली खोली फुगलेली असते. शंभर प्रतींपैकी २८.६ उत्परिवर्तित असतील तर आतली खोली १२८.६ प्रतींइतकी होते, आणि एकही रीड न हरवता व्हीएएफ २२ टक्के निघतो. बरोबर पद्धत अशी: अंशात दोन प्रतींमधली नवी जोड ओलांडणाऱ्या रीड, छेदात डावीकडचा मूळ भाग आणि तुकडा यांची सीमा ओलांडणाऱ्या रीड. ती सीमा दोन्ही प्रकारच्या प्रतींत एकदाच येते. दोन्हीकडे किमान २० बेसची पकड ही अट समान ठेवा.

फ्रॅगमेंट अ‍ॅनालिसिसचा आकडाही पवित्र नाही. पीसीआर लहान तुकड्याला झुकते माप देतो, म्हणून लांब आयटीडीचे गुणोत्तर कमी येते, आणि चक्रे वाढवत पठारापर्यंत गेलात तर आणखी बिघडते. उलट मूळ शिखर डिटेक्टरच्या मर्यादेला टेकले तर त्याचे क्षेत्रफळ खोटे लहान होते आणि गुणोत्तर फुगते. तुमच्या कच्च्या आलेखात मूळ शिखराचा माथा सपाट नाही ना, ते पाहा. असेल तर उत्पादन पातळ करून पुन्हा चालवा.

आता याचा उपयोग कुठे. ईएलएनच्या (युरोपियन ल्युकेमियानेट) २०१७च्या जोखीम वर्गीकरणात गुणोत्तराची ०.५ ही रेषा होती. २०२२मध्ये ती काढली: प्रतिकूल गटातला दुसरा बदल नसेल तर आयटीडी असलेला रुग्ण मध्यम जोखमीत, गुणोत्तर काहीही असो आणि एनपीएम१ जनुकातला बदल असो वा नसो. त्यामुळे आज ०.४० की ०.३६ यावर जोखीम गट बदलत नाही. 'आहे की नाही' हा प्रश्न मात्र पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झाला आहे, आणि तुमची पाइपलाइन नेमकी तिथेच चुकली.

म्हणून अहवालात हे सगळे लिहा: लांबी, क्रम, फ्रॅगमेंट अ‍ॅनालिसिसचे गुणोत्तर, सिक्वेन्सिंगचा व्हीएएफ, आणि प्रत्येकापुढे पद्धतीचे नाव. क्रम का? आयटीडी पेशीपटलालगतच्या भागात बसते. तो भाग एरवी कायनेझला (प्रथिनाच्या संकेत देणाऱ्या भागाला) कुलूप घालून ठेवतो. कुलूप मोडले की एफएलटी३ संकेताची वाट न बघता चालू राहते आणि स्टॅट५, रास आणि पीआय३के या वाटा जागत्या ठेवते. पण हा बदल बहुधा उशिरा येतो. डीएनएमटी३ए किंवा एनपीएम१ या जनुकांतले बदल आधीचे, हा नंतरचा. म्हणून पुनरुद्भवात तो नाहीसा होऊ शकतो किंवा वेगळ्याच लांबीचा येऊ शकतो. निदानाच्या वेळचा क्रम नोंदलेला नसेल तर 'तोच परत आला की नवा' हे नंतर कोणी सांगू शकणार नाही.

आणखी एक. डी८३५ (एफएलटी३च्याच कायनेझ भागातला एका अमिनो आम्लाचा बदल) पाहायला विसरू नका, तो एक्सॉन २०मध्ये आहे. मिडोस्टॉरिन आणि गिल्टेरिटिनिब ही औषधे कायनेझच्या चालू अवस्थेलाही धरतात, म्हणून दोन्ही प्रकारांवर चालतात. क्विझार्टिनिब फक्त बंद अवस्थेला धरते, डी८३५ असेल तर त्याची पकड सुटते.

लयपट्टी

तिसरा प्रश्न. ४७४ हा आकडा बहुधा बॅझेटच्या सूत्राचा आहे, यंत्रे तेच छापतात. नाडी ११० म्हणजे आरआर (दोन ठोक्यांमधला वेळ) ०.५४५ सेकंद. बॅझेट वर्गमुळाने भागतो: ३५० भागिले ०.७३९, उत्तर ४७४. फ्रिडेरिशिया घनमुळाने भागतो: ३५० भागिले ०.८१७, उत्तर ४२८. ताप, रक्तक्षय, धडधड असलेल्या एएमएल रुग्णात बॅझेट हमखास जास्त दाखवतो. क्विझार्टिनिबच्या सूचनेत क्यूटीसीएफ ४५०च्या वर असेल तर सुरू करू नका असे आहे, आणि तो 'एफ' फ्रिडेरिशियाचा. चुकीच्या सूत्रामुळे पात्र रुग्ण औषधाला मुकतो.

क्यूटी मात्र यंत्राचा घेऊ नका. टी-लहर चपटी असेल तर यंत्र यू-लहरीपर्यंत मोजते. लीड दोन किंवा व्ही५मध्ये हाताने, सलग तीन ईसीजींची सरासरी. क्यूआरएस रुंद असेल तर क्यूटी आपोआप लांबतो, तो वेगळा हिशेब.

इथे एक बारकावा आहे. क्यूटी लांबवणारी बहुतेक औषधे आयकेआर हा हृदयपेशींतला पोटॅशियमचा प्रवाह अडवतात, ऑन्डॅन्सेट्रॉन आणि लेव्होफ्लॉक्सासिन त्यातलीच. क्विझार्टिनिब आयकेएस हा दुसरा पोटॅशियम प्रवाह अडवते. एक वाट बंद झाली तर हृदय दुसरीवर निभावून नेते. दोन्ही एकदम बंद झाल्या तर राखीव काही उरत नाही. म्हणून या औषधावर उलटीसाठी सवयीने ऑन्डॅन्सेट्रॉन लिहिणे मला खटकते.

दुसरा धोका बुरशीरोधकाचा. पोसॅकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल सीवायपी३ए या औषधे मोडणाऱ्या विकराला जोरात रोखतात, औषधाची पातळी चढते. ३५.४ मिलिग्रॅमचा डोस तेव्हा १७.७वर आणायचा असतो. अर्धायुष्य काही दिवसांचे असल्याने आजचा बदल उद्याच्या ईसीजीत दिसणार नाही, म्हणून इंडक्शन आणि कन्सॉलिडेशन या उपचाराच्या टप्प्यांत आठवड्याला एक ईसीजी. क्यूटीसीएफ ४८१ ते ५००ला डोस कमी, ५००च्या वर थांबवणे. पोटॅशियम ४ आणि मॅग्नेशियम २च्या खाली जाऊ देऊ नये, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन चालू असेल तर दोन्ही रोज तपासावे, कारण ते मूत्रपिंडातून दोन्ही वाहून नेते.

प्रयोगशाळेच्या टिपेत डोस लिहू नका, तो उपचार करणाऱ्यांचा निर्णय. 'आयटीडी आढळले, डी८३५ आढळले नाही, क्यूटीसी फ्रिडेरिशियाने काढावा' एवढे पुरे.

बेसजोडी

सॉफ्ट क्लिप दाखवल्यावर एकाच जागी भिंत उभी राहिली. पिंडेलमध्ये ४८ बेसचे टँडम डुप्लिकेशन, फिल्ट३आरमध्येही तेच. जोड ओलांडणाऱ्या रीड १४८, डावी सीमा ओलांडणाऱ्या ५६०, व्हीएएफ २६.४ टक्के, गुणोत्तर ०.३६. डी८३५ नाही. मूळ शिखराचा माथा सपाट नव्हता.

एक नवा प्रश्न: पिंडेलच्या इन्सर्शन फाइलमध्ये २१ बेसचे आणखी एक, फक्त १२ रीड. फ्रॅगमेंट अ‍ॅनालिसिसमध्ये ३५१ला जेमतेम उंचवटा. लिहायचे की सोडायचे?

केशिकानळी

३३० अधिक २१ म्हणजे ३५१. दोन स्वतंत्र पद्धतींनी एकच लांबी दाखवली, तेव्हा ते खरे मानायला हरकत नाही. फक्त त्या १२ रीड सुरुवातीच्या वेगवेगळ्या जागांवरून आल्या आहेत ना, हे पाहा. एकाच मूळ तुकड्याच्या प्रती असतील तर पुरावा एकच. एका रुग्णात दोन-तीन आयटीडी असणे नवीन नाही, आणि उपचारानंतर लहानसाच क्लोन वर येऊ शकतो. दोन्ही वेगवेगळ्या ओळींत लिहा, गुणोत्तरे वेगवेगळी द्या, आणि २१वाल्याचा क्रम उपऱ्या बेससकट नोंदवा. उरलेल्या आजाराची चाचणी मागवली जाईल तेव्हा ती दोन्ही क्रम शोधेल असे मागणीपत्रातच लिहून ठेवा.