मदत हवी आहे: डोंगरावरच्या वाळलेल्या कुसळी गवताला युरिया प्रक्रिया

माण तालुक्यात आहे. दोन खिल्लार बैल, एक गाभण गाय, चार महिन्यांचं वासरू. पाऊस पडेपर्यंत हिरवा चारा नाही, कडबा परवडत नाही. हाताशी आहे ते डोंगरावरचं कुसळी गवत, तेही दिवाळीनंतर कापलेलं. म्हणजे बी गळून नुसत्या काड्या राहिलेल्या. फुलोऱ्यात कापायला हवं होतं हे सांगू नका, आता जे आहे त्याचंच बघायचंय.

कुट्टी करून, वर गूळ-मिठाचं पाणी शिंपडून पाहिलं. खातात, पण शेणात लांब धागे तसेच पडतात आणि बैलांची अंगं उतरलीत. पेंड थोडीच देता येते.

भाताच्या पेंढ्याची रीत माहीत आहे: 100 किलो चाऱ्याला 4 किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर दाबून, हवाबंद 21 दिवस. उघडल्यावर वास उडू देऊन मगच घालायचं. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागू द्यायचं नाही आणि वासराला हा चारा द्यायचा नाही, हेही ठाऊक आहे.

अडचण पाण्याची. पेंढ्याला 50 लिटरच्या आसपास लागतं, आमच्याकडे टँकर येतो. पेंढा पाणी शोषतो, या काड्यांवरून ते ओघळतं.

कुसळीवर कुणी स्वतः हे केलंय का? कुट्टी केलेल्या 100 किलोला कमीत कमी किती पाणी पुरलं, आणि गाभण गाईला किती दिलंत?