राजाला वेसण कुणी घातली: मॅग्ना कार्टाने की पैशाच्या नडीने?

मूळ मुद्दा
१५ जून १२१५ ला रनिमीडच्या कुरणात राजा जॉनने मॅग्ना कार्टा ही सनद मान्य केली आणि इंग्लंडचा राजा कायद्याखाली आला, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. दहा आठवड्यांत, २४ ऑगस्टला, पोप तिसऱ्या इनोसंटने ती रद्द ठरवली. टिकली ती १२२५ ची सनद. जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून मिळाला, तेव्हा जॉनचा मुलगा राजा तिसऱ्या हेन्रीने बदल्यात ती दिली. रोकडा व्यवहार!

प्रतिसाद
पण व्यवहार कशावर करायचा, हे १२१५ नेच ठरवलं ना? कलम २ बघा. बापाची जहागीर ताब्यात घेताना वारसाने राजाला द्यायचा नजराणा मोठ्या सरदारासाठी १०० पौंड ठरला. १२०५ मध्ये जॉनने निकोलस द स्टुटव्हिलवर १०,००० मार्क, म्हणजे साडेसहा हजार पौंडांच्या वर, लादले होते. आकडा कागदावर आला की जास्तीची मागणी सरळ अन्याय ठरते. हे कलम पुढच्या सनदांतही राहिलं.

मूळ लेखक
कलम २ मान्य. पण ज्याच्या जोरावर अंमल व्हायचा त्या कलम ६१ चं काय झालं? पंचवीस सरदार नेमायचे, त्यांतल्या चौघांनी तक्रार राजापुढे मांडायची, ४० दिवसांत दाद मिळाली नाही तर सगळ्यांनी मिळून त्याचे किल्ले आणि जमिनी बळकवायच्या; फक्त राजा, राणी आणि मुलांच्या जिवाला धक्का लावायचा नाही. म्हणजे दाद मागायची तर बंडच करा! १२१६ मध्ये बालराजा हेन्रीच्या नावे सनद पुन्हा निघाली, तेव्हा हे कलम गाळलं. करासाठी संमती मागणारं बारावंही गेलं.

आणखी एक प्रतिसाद
नुसत्या पैशाच्या नडीनेही राजा बांधला जात नाही. लोकरीच्या निर्यातीवरचा कर घ्या. १२७५ पासून पोत्यामागे ६ शिलिंग ८ पेन्स होता. १२९४ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपलं आणि राजा पहिल्या एडवर्डने तो ४० शिलिंगांवर नेला. १२९७ च्या सप्टेंबरात स्टर्लिंग ब्रिजला स्कॉटांकडून मार बसल्यावर कुठे त्याने सनदांना दुजोरा देऊन हा वाढीव कर सोडला. तरी १३०३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांशी परस्पर बोलून पोत्यामागे ४० पेन्स जादा मिळवलेच, आणि १३०५ मध्ये १२९७ च्या वचनातून पोपकडून मोकळीकही घेतली. व्यापाऱ्यांना वेगळं गाठायची ही पळवाट १३६२ च्या कायद्याने बंद केली: पार्लमेंटच्या संमतीशिवाय लोकरीवर जादा कर नाही.