जन्मजात व्यंगांच्या जनुकीय संशोधनात शास्त्रज्ञ नेमके काय करतो?

चोपडेकर (प्रश्न):
मी जळगावच्या विद्यापीठात जैवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या मामेभावाचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. शस्त्रक्रियेने तो उत्तम जुळला, पण मामीने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून असे झाले, हे आजीचे बोलणे मामी आजही मान खाली घालून ऐकते. अशा व्यंगांच्या जनुकांवर काम करणाऱ्याचे आयुष्य कसे जाते आणि त्या वाटेला कसे लागावे, हे जाणकारांनी सांगावे.

शिरपूरकर, हैदराबाद:
वाटा दोन आहेत. नेट-जेआरएफ (राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळवून पीएच.डी. करता येते, किंवा एम.बी.बी.एस., एम.डी. करून पुढे वैद्यकीय आनुवंशिकीत डी.एम. (एम.डी.नंतरची विशेष पदवी) करता येते. आपल्याला पहिलीच खुली आहे आणि तिच्यात पीएच.डी.चीच पाच-सहा वर्षे सहज जातात, हे घरी आधीच सांगून ठेवावे.

कामाचे म्हणाल तर अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील जेफ्री मरे यांचे उदाहरण पाहा. मुळात बालरोगतज्ज्ञ असलेल्या मरे यांनी दुभंगलेल्या ओठांवर अनेक वर्षे काम केले आणि फिलिपाइन्ससारख्या देशांतील कुटुंबांचे नमुने जमवले. खालच्या ओठावर दोन बारीक खळगे आणि सोबत दुभंगलेला ओठ किंवा टाळू, अशा व्हॅन डर वुड विकाराचे मूळ आयआरएफ-६ या जनुकात आहे, हे त्यांनी व सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले. त्यात निर्णायक ठरली एक जुळी जोडी: दोघे एकसारखे जुळे, पण विकार एकालाच, आणि जनुकातील बिघाडही फक्त त्याच्यातच सापडला. अशी एक जोडी हाती लागण्यासाठी किती उंबरठे झिजवावे लागतात, ते शोधनिबंधात छापून येत नाही.

बालरोगतज्ज्ञ, नंदुरबार:
ग्रहणाबद्दल एवढेच सांगतो की वरचा ओठ गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यातच जुळतो, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याचे घरात सांगण्याच्याही आधी. मात्र सगळा भार जनुकांवर टाकू नये. बहुतेक मुलांत अनेक जनुके आणि बाहेरची कारणे यांची सरमिसळ असते. मज्जारज्जूच्या व्यंगाचे बाळ आधी झालेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यास ते व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले होते, आणि त्यासाठी कोणतेही जनुक ओळखावे लागले नव्हते.

धडगावच्या पाड्यांवरून जांभळ्या टोपणाच्या नळ्यांतले रक्त बर्फाच्या डब्यात घालून मी एस.टी.ने धुळ्याला नेले आहे. त्याआधी अंगणात बसून वंशवृक्ष काढावा लागतो: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, व्यंग असेल तर आतून भरायचे, नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ. प्रयोगशाळेची पायरी त्यानंतरची. आपण हा सराव घरापासूनच करावा.

चोपडेकर:
दोघांचेही आभार. काल आजीला विचारून चार पिढ्या मांडल्या. भरलेला चौकोन दुसराही निघाला: आजीच्या धाकट्या भावाचा ओठ तसाच होता, हे तिने प्रथमच सांगितले. यावरून काही सिद्ध होते का?

शिरपूरकर, हैदराबाद:
एकट्या चौकोनावरून नाही. त्या भावाची मुले-नातवंडे कोठे आहेत?

चोपडेकर:
यावलला. रविवारी जातो आहे. मामीही सोबत येणार म्हणते.