अनुभव धागा : बाळ-बाळंतिणीची शुश्रूषा

लहान मुलांच्या वॉर्डात बावीस वर्षे काढल्यानंतर आता मी परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवते. दर वर्षी मुली सगळा अभ्यासक्रम पाठ करून येतात आणि पहिल्याच रात्रपाळीत विचारतात, की यातले नेमके काय कधी करायचे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा कुणाच्या तरी सांगण्यातून मिळते, म्हणून हा धागा. ज्यांनी शुश्रूषा केली आणि ज्यांची झाली, अशा सर्वांनी लिहावे. रुग्णालयाचे किंवा कुणाचेही नाव नको. मात्र ‘सिस्टर फार चांगल्या होत्या’ एवढ्यावर थांबू नका. त्यांनी काय केले ते लिहा.

निवृत्त परिचारिका, प्रसूतिकक्ष, मराठवाडा

बाळामागून वार (अपरा) पडली की लेबर रूममधली गर्दी पांगते. डॉक्टर पुढच्या बाईकडे वळतात, नातेवाईक बाळाभोवती जमतात आणि बाळंतीण टेबलावर एकटी उरते. माझ्या मते प्रसूतीतला सर्वांत धोक्याचा वेळ तिथून सुरू होतो. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाभरात गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिट मांडीत देणे, वार पसरून तिचा एखादा तुकडा आत राहिला नाही ना हे पाहणे, एवढे आता बहुतेक ठिकाणी होते. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवायचा असतो, तो मात्र कामाच्या रेट्यात राहून जातो. आवळलेले गर्भाशय बेंबीच्या आसपास नारळासारखे घट्ट लागते. सैल पडले तर हाताला कणकेसारखे लागते, किंवा सापडतच नाही.

एका रात्री चौथ्या खेपेची एक बाई सुखरूप मोकळी झाली. मी पॅड पाहिले, ते जेमतेम भिजले होते. नोंद करून मी दुसऱ्या टेबलाकडे गेले. वीसेक मिनिटांनी ती म्हणाली, “सिस्टर, लई तहान लागलीय, अन् झोप येतेय.” बाळंतीण दमलेली असते, तिला झोप येणारच, असे कुणालाही वाटले असते आणि क्षणभर मलाही वाटले. पण नाडी धरली तर ११८. कंबरेखाली हात घातला आणि तो मनगटापर्यंत रक्तात बुडाला. पॅडला चुकवून रक्त पाठीमागे रबरशीटच्या खोलगट भागात साचत होते. अर्धा लिटर गेले की अतिरक्तस्राव म्हणायचा, हे मला तोंडपाठ होते, पण रबरशीटवर साचलेला अर्धा लिटर वरून दिसत नाही. गर्भाशय बेंबीच्या वर चढून मऊ पडले होते. मी ते चोळत राहिले, मावशींना डॉक्टरांकडे पिटाळले, गाठी बाहेर पडल्या. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर भरपूर लघवी निघाली, आणि मगच गर्भाशय धरू लागले. भरलेले मूत्राशय त्याला आवळू देत नाही; आणि तिने शेवटची लघवी केव्हा केली याची नोंद कुणीच ठेवली नव्हती, मीही नाही. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या आणि ती वाचली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी पॅड पाहण्याआधी कंबरेखाली हात घालत आले.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची आई, पुणे

माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला, वजन १,४२० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी मला दूध पिळायला बसवले. अर्धा तास पिळून वाटीच्या तळाशी पिवळ्या चिकाचे थोडे थेंब जमले, आणि एवढ्याने काय होणार म्हणून मी वाटी धुवायला निघाले होते. सिस्टरांनी वाटी काढून घेतली, एक मिलीच्या सिरिंजमध्ये ते थेंब ओढले आणि बाळाच्या गालाच्या आत सोडले. मग कागदावर लिहिले : ‘आईचे दूध, ०.४ मिली’. सलाइन, औषधे, ऑक्सिजन अशा नोंदींच्या त्या रांगेत माझी नोंद पाहिली आणि मी त्या दिवशी पुन्हा तीनदा पिळायला बसले.

सहाव्या दिवशी कांगारू पद्धत सुरू झाली. इन्क्युबेटर अपुरे पडत असल्यामुळे कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये ती सुरू झाली, हे मी नंतर वाचले. तेव्हा मला फक्त भीती वाटत होती. सिस्टरांनी मला मागे रेललेल्या खुर्चीत बसवले. टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर बाळ माझ्या उघड्या छातीवर उभे ठेवले, मान एका बाजूला वळवली, पाय बेडकासारखे दुमडले आणि वरून सुती कापड गुंडाळले. दहा मिनिटांत मॉनिटर वाजला. बाळाचा श्वास थांबला होता. मी किंचाळले. सिस्टर जवळ आल्या, त्यांनी मॉनिटरकडे न पाहता बाळाकडे पाहिले, तळपाय अंगठ्याने चोळला, आणि त्याने श्वास घेतला. “आता पुढच्या वेळी तुम्ही चोळा, आणि मला हाक मारा,” असे त्या म्हणाल्या.

सासूबाईंना पुरुषाने मूल असे छातीशी बांधणे चमत्कारिक वाटत होते, पण रात्रीचे तास माझ्या नवऱ्यानेच सांभाळले. नळीनंतर तोंडाने पाजण्याची वेळ आली तेव्हा माझ्या आईने घरून चांदीचे बोंडले, म्हणजे बाळाला दूध पाजायचे चोचीचे भांडे, आणले. सिस्टरांनी तिला रागावण्याऐवजी कापसाची काडी बोंडल्याच्या चोचीत फिरवून बाहेर काय येते ते दाखवले. त्यानंतर आईनेच वाटी-चमचा मागितला. एकोणतिसाव्या दिवशी १,८१० ग्रॅमचे बाळ घेऊन आम्ही घरी गेलो. सगळ्याच पाळ्या अशा नव्हत्या, हेही लिहायला हवे. राउंडच्या वेळी आयांना बाहेर हाकलणाऱ्याही एक होत्या, आणि त्यांच्या पाळीत माझे दूध कमी यायचे.

परिचारिका, बालरुग्ण विभाग, खासगी रुग्णालय

माझी चूक लिहिते. तीन किलोच्या बाळाला अमिकासिन हे प्रतिजैविक द्यायचे होते, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. आम्ही नेहमी दोन मिलीत १०० मिलिग्रॅम असलेली कुपी वापरायचो, त्यामुळे ०.९ मिली हा आकडा हाताला बसलेला होता. त्या दिवशी स्टोअरमधून दोन मिलीत ५०० मिलिग्रॅमवाली कुपी आली होती. उंची तीच, बुचाचा रंगही जवळपास तोच. मी ०.९ मिली भरले. बरोबरच्या सिस्टरांनी सवयीप्रमाणे कुपीवरचे मोठ्याने वाचले म्हणून हात थांबला, नाहीतर २२५ मिलिग्रॅम, म्हणजे पाचपट औषध गेले असते. या औषधाचा मूत्रपिंडावर आणि कानावर परिणाम होतो. दोघींनी वाचून दाखवायचा नियम कागदावर आधीपासून होता. मी तो वेळखाऊपणा समजत होते.

आशा स्वयंसेविका, गडचिरोली जिल्हा

घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत आमच्याच जिल्ह्यात १९९५ मध्ये ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना आरोग्यदूत करून सुरू केली आणि २०११ पासून ती देशभर आशांकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. सहाही भेटींचे मिळून २५० रुपये.

सातव्या दिवसाच्या अशाच एका भेटीत आजी कौतुकाने म्हणाली, “पोरगं लय शांत आहे बाई. रडत नाही, दूध पन मांगत नाही.” नवजात बाळाच्या बाबतीत हे वाक्य ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. बाळ शेगडीजवळ ठेवले होते, तरी पाय गार होते. काखेत थर्मामीटर लावला तर ३५.४ अंश सेल्सिअस. झबले वर करून मी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ६४ भरले. साठ किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे असतात, कारण इतके लहान बाळ कधी भरभर तर कधी सावकाश श्वास घेते. दुसऱ्यांदा ६६ आले. झोळीच्या काट्यावर वजन भरण्यात मी वेळ घालवला नाही. बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधले आणि १०८ ला फोन केला. नाल्याला पाणी असल्यामुळे गाडी पलीकडेच थांबली. आईला दोघांनी धरून पार केले, बाळ तिच्या लुगड्यातच होते. बारा दिवसांनी ते परत आले. पुढच्या भेटीला गेले तेव्हा आजी बाळाचे पोट उघडे करून बसली होती आणि मला म्हणाली, “घडी लाव, मी मोजतो.”

मिडवाइफ, इंग्लंड (मूळ कोल्हापूर)

इथे बाळंतिणीच्या घरी जाते तेव्हा बाळाच्या वजनाइतकेच तिच्या मनाबद्दल विचारावे लागते. १९८७ मध्ये एडिनबरोत तयार झालेली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली त्यासाठी वापरतात. आपल्याकडच्या एका मुलीने नवऱ्यासमोर सगळी उत्तरे ‘छान’ दिली. मी त्याला चहा करायला पाठवले आणि तेच प्रश्न मराठीत विचारले. चहा येईपर्यंत ती रडत होती.

परिचारिका, नवजात अतिदक्षता विभाग

पुण्याच्या आईचे वाचून लिहिते. आमच्याकडे एक बाळ नवव्या दिवशी गेले. चिकटपट्ट्या ओढून न काढता पाण्याने भिजवून सोडवल्या, अंग पुसले, घरून आलेले झबले घातले आणि गाठोडे करून दाराशी वडिलांच्या हाती न देता आईच्या मांडीवर दिले. इतके आम्ही शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आई नेहमीच्या वेळी पिळलेल्या दुधाची बाटली घेऊन दाराशी आली. बाळ गेले तरी दूध येत राहते आणि त्याचे काय करायचे, हे तिला कुणीच सांगितले नव्हते. मी तिला बसवले आणि सांगितले, की छाती दाटली तर ठणका कमी होईल इतकेच पिळायचे, पूर्ण रिकामी करायची नाही, वरून गार पाण्याची घडी ठेवायची. तीन-चार दिवसांत कमी होऊ लागते. तिने विचारले, हे दुसऱ्या कुणाच्या बाळाला चालेल का. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी निघाली, तशी एक छोटी पेढी आमच्याकडेही आहे. आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात आणि दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून मगच दिले जाते. मी सांगितले, की चालेल, पण पिळत राहिलात तर दूध लवकर सुकणार नाही. ती म्हणाली, “मग असू दे.” अकरा दिवस ती येत राहिली. बाटलीवरची तारीख आणि वेळ ती स्वतःच्या हाताने लिहायची.