हेल्पस्टन नेमकं कुठल्या काउंटीत?

प्रश्न:
जॉन क्लेअर या इंग्रज कवीवर लेख लिहिते आहे. जन्म १७९३, गाव हेल्पस्टन. त्याच्या १८२० च्या पहिल्या संग्रहावर ‘नॉर्दम्प्टनशायरचा शेतकरी’ असं छापलंय. आजच्या नकाशात गाव केंब्रिजशायरमध्ये. आणि दोन महायुद्धांच्या मधल्या एका नकाशात तिसरंच, ‘सोक ऑफ पीटरबरो’! काय लिहू?

उत्तर १:
केंब्रिजशायर लिहा. आज तेच आहे.

उत्तर २:
नको, तसं लिहू नका. क्लेअर १८६४ मध्ये वारला, तोवर केंब्रिजशायरचा या गावाशी काही संबंध नव्हता. सोक म्हणजे पीटरबरोच्या मठाचा जुना अधिकारप्रदेश. नॉर्दम्प्टनशायरमध्येच, पण न्यायदानाचे हक्क स्वतःचे. म्हणून १८८९ मध्ये काउंटी कौन्सिलं आली तेव्हा सोकला वेगळं कौन्सिल मिळालं. १९६५ मध्ये ते हंटिंग्डनशायरला जोडलं, १९७४ मध्ये सगळंच केंब्रिजशायरमध्ये गेलं. १९९८ पासून कारभार पीटरबरो शहराच्या कौन्सिलकडे आहे, केंब्रिजशायर ही काउंटी फक्त नावापुरती, समारंभापुरती.

पण माझं ऐकाल तर लेखात काउंटीला एक ओळ द्या आणि पॅरिशला, म्हणजे चर्चभोवतीच्या गावपातळीवरच्या कारभाराला, परिच्छेद. क्लेअरच्या घराला सरकार भेटलं ते पॅरिशच्या रूपात. वडिलांचे सांधे धरले, मजुरी सुटली, तेव्हा हात पसरावा लागला तो पॅरिशपुढेच. आणि १८०९ चा कायदा विसरू नका. हेल्पस्टन आणि शेजारच्या गावांची मोकळी रानं, गायरानं मोजून, वाटून, कुंपणात घालायचा तो कायदा. क्लेअर तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा. काउंटी बदलल्या तेव्हा एक बांधही हलला नाही. या कायद्यानं लहानपणच्या पायवाटा बंद झाल्या. त्याच्या कवितेतलं दुःख तिथलं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याच्या कविता पुन्हा काढून बसलो होतो.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. बाप्तिस्म्याची नोंद मग पीटरबरोत शोधू?

उत्तर २:
नाही, नॉर्दम्प्टनच्या अभिलेखागारात. चर्चचा प्रांत, म्हणजे १५४१ चा पीटरबरो डायसिस, काउंट्यांबरोबर बदलला नाही. नॉर्दम्प्टनशायर त्यातच आहे, म्हणून दप्तर तिकडे. शोधताना गावाच्या नावाचं जुनं स्पेलिंग, शेवटी ‘ई’ असलेलं, तेही घालून बघा.