कारखान्यातील डिझेलगळती आणि शेजारची विहीर : तपासणी कशी करावी? सल्ला हवा

मृण्मयी_प

नमस्कार. मी पुणे जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत, कारखान्याच्या पर्यावरण विभागात काम करते. बॉयलरच्या डिझेलची जमिनीखालची टाकी गळत असल्याचे नुकतेच उघड झाले असून, कुंपणापलीकडच्या शेतातील विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसतो. टाकी रिकामी केली आहे आणि त्या विहिरीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांना टँकरचे पाणी देत आहोत. वर मुरूम व खाली काळा पाषाण आहे. एका बोअरवाल्याने २०० फुटांच्या तीन बोअर घेऊन नमुने काढण्याचे दरपत्रक दिले आहे. ते स्वीकारावे का? त्या कुटुंबांना खरे उत्तर देता यावे, एवढीच माझी तळमळ आहे.

कातळपाणी

ते दरपत्रक कृपया स्वीकारू नका. आपल्याकडे पाण्यासाठी बोअर घेताना मुरूम संपेपर्यंतच केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप) टाकतात आणि खालचा पाषाण उघडा सोडतात. त्यामुळे वरच्या थरातील दूषित पाण्याला खोलवरच्या, कदाचित अजून स्वच्छ असलेल्या भेगांपर्यंत थेट वाट मिळते. म्हणजे तपासणीच प्रदूषण खाली नेईल. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पाणीपातळीवर साचते. म्हणून तुम्हाला उथळ निरीक्षण-विहिरी (पातळी मोजायला व नमुने घ्यायला पाडलेल्या अरुंद बोअर) हव्यात, ज्यांतील जाळीदार पाइप उन्हाळ्यातील सर्वांत खालच्या पातळीपासून पावसाळ्यातील सर्वांत वरच्या पातळीपर्यंत पोहोचेल, त्याभोवती बारीक खडी असेल आणि वर बेंटोनाइटचा, म्हणजे पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीचा, बंद असेल.

अशा किमान तीन विहिरी एका रेषेत न घेता त्रिकोणात घ्याव्यात व त्यांच्या काठांची उंची लेव्हलिंगने मोजावी; तेव्हाच प्रवाहाची दिशा काढता येते. तरीही बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, पाणी सांध्यांतून आणि भेगांतून वाहते, त्यामुळे जमिनीचा उतार एकीकडे आणि तेल दुसरीकडे, असे सहज घडते. म्हणून आधी परिसरातील सगळ्या विहिरींची पाहणी करा. शेतकऱ्यांना कोणता झरा कुठल्या अंगाने येतो हे नेमके ठाऊक असते. ते विचारून नोंदवून घ्या.

मृण्मयी_प

मनःपूर्वक आभार. तवंग डिझेलचाच आहे हे कसे ठरवावे? आणि विहीर उपसून टाकावी, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे.

रसायन_शाळा

तवंग काठीने हलवून पाहा. त्याचे काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो बहुधा लोहजिवाणूंचा असतो. तेलाचा तवंग पुन्हा सांधला जातो. ही केवळ प्राथमिक खूण आहे. पुराव्यासाठी वरचे तेल स्वतंत्र बाटलीत घेऊन टाकीतील डिझेलशी गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातील घटक वेगळे करून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतील तपासणीने) ताडून पाहावे. पाण्याचा नमुना तवंग मिसळू न देता, तवंगाखालून घ्यावा. बेंझीनसारखी उडून जाणारी द्रव्ये तपासायची असतील तर ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता नमुना भरावा, आम्ल घालून ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा आणि १४ दिवसांच्या आत तपासावा. प्लास्टिकच्या बाटलीत भरलेल्या नमुन्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ०.०१ मिलिग्रॅम आहे.

कातळपाणी

विहीर उपसू नका. पातळी खाली गेली की तेलही खाली उतरते, खडकाला चिकटते आणि पावसाळ्यात पाणी चढल्यावर पुन्हा सुटत राहते. त्याच कारणाने एकाच फेरीच्या नमुन्यांवर निष्कर्ष काढू नये. उन्हाळा व पावसाळा दोन्ही पाहावे लागतील. डिझेलच्या बाष्पाने गुदमरण्याचा व ठिणगीने पेट घेण्याचा धोका असल्याने विहिरीत कोणालाही उतरू देऊ नका, साधी मोटरही चालवू नका.

‘जिवाणू तेल खाऊन टाकतात, थांबा’ असा सल्लाही तुम्हाला मिळेल. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजीजवळ १९७९ मध्ये नळवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. १९८३ पासून तिथे अभ्यास सुरू आहे. जिवाणूंनी दूषित पाण्याचा पसारा खूप रोखला हे खरे, पण अनेक दशकांनंतरही तेल पाणीपातळीवर शिल्लक होते. शिवाय ती जमीन वाळूची आहे, आपला भेगाळलेला पाषाण नव्हे.

शेवटी कायद्याचे : जल अधिनियम, १९७४ च्या कलम ३१ नुसार अशी गळती प्रदूषण नियंत्रण मंडळाला तत्काळ कळवणे बंधनकारक आहे. अहवालाची वाट न पाहता आजच लेखी कळवा आणि पोच घ्या.